तारेवरचं अस्तर

“सहादेवा, गल्ला सोडून उठायचं न्हाई. गिऱ्हाईक खाली, मालक वर, आन् मधी तार. जवर तार चालती तवर दुकान चालतं.”

हे सांगणारे वडील देवाघरी जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण सहादेव कापड दुकानाच्या माळ्यावर जाऊन बसला की हा आवाज रोज एकदा तरी त्याच्या कानाशी यायचाच. देवळाली प्रवऱ्याच्या पेठेतल्या त्या दुकानात खालच्या काउंटरपासून माळ्यावरच्या गल्ल्यापर्यंत एक तार ताणलेली होती. तारेवर दोन चाकं आणि चाकांना लटकलेली जाळीची टोपली. खालून दांडी खेचली की स्प्रिंगच्या झटक्यानं टोपली गिऱ्हाइकांच्या डोक्यावरून सूंऽ करत वर जायची, आणि वरून सोडली की उतारानं आपली आपण खाली यायची. पूर्वी तिच्यातून पैसे वर जात आणि मोड खाली येई. आता लोक काउंटरवरच मोबाईल दाखवून मोकळे होत. टोपलीला काम उरलं नव्हतं. पण वडिलांचा शब्द तो शब्द, म्हणून सहादेवनं तिला काम शोधून दिलं होतं.

रोज दुपारच्या आधी तो कठड्यावरून वाकून हाक मारी, “स्टेला, वर जरा अस्तर पाठव.”

अस्तर म्हणजे वाल्मिकच्या हॉटेलातली गरम जिलबी.

सहादेवला शुगर निघाली होती. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं आणि रोज पहाटे पाटाच्या कडेनं चालायला सांगितलं होतं. चालण्याचं नाव निघालं की तो म्हणे, “गल्ला सोडून कसा जाऊ?” पहाटे दुकान बंद असतं, ही गोष्ट अजून कुणी त्याच्या ध्यानात आणून दिली नव्हती, आणि त्यानंही आपण होऊन आणली नव्हती.

काउंटर सांभाळणारी स्टेला पोराबाळांची, दर रविवारी चर्चला जाणारी बाई. खोटं बोलायचं नाही हा तिचा बाणा. त्यामुळे जिलबीची पुडी ती खरोखरच अस्तराच्या एका तुकड्यात बांधायची. मालकीणबाईंनी एकदा विचारलंही होतं, “टोपलीत काय गं, स्टेला?”

“अस्तर आहे, वहिनी.”

“रोज एवढं अस्तर वर कशाला लागतं?”

“ते मालकांना विचारा,” स्टेला म्हणाली होती, आणि त्यातही खोटं काही नव्हतं.

मालकीणबाई, म्हणजे सहादेवची बायको सत्यशीला, हिला एवढ्या चौकशा करायला वेळ नसे. तिचे नेमच एवढे होते. सोमवारी अळणी, गुरुवारी एकदा जेवायचं, चातुर्मासात वांगं नाही, कांदा नाही. ती कधी काय खाते आणि काय खात नाही याचा हिशोब घरात कुणीच ठेवत नव्हतं. सहादेव तर म्हणायचा, “हिचं ताट म्हंजी पंचांग हाय. बघितल्याबिगर कळायचं न्हाई.”

नवरात्रातली अष्टमी होती. दुकानात देवीच्या ओटीच्या साड्या घ्यायला बायकांची दाटी झालेली. मालकाच्या हुकमावरून स्टेलानं सकाळीच सगळ्या दुकानभर सेलच्या पताका बांधल्या होत्या. त्या गडबडीत वरून हाक आली.

“स्टेला, अस्तर.”

वाल्मिकच्या हॉटेलातून पुडी मागच्या दारानं येऊन पडली होती. पण अस्तराचा तुकडा काही सापडेना. होते नव्हते तेवढे ब्लाउजपीसच्या गिऱ्हाइकांना गेलेले. स्टेलानं नुसतीच कागदाची पुडी टोपलीत ठेवली आणि दांडी खेचली. टोपली सूंऽ करत निघाली, निम्म्या वाटेत गेली, आणि तिथंच पताकेची दोरी चाकात गुंतून थांबली.

सहादेवनं वरून गजानं तार हलवून पाहिली. पताका नाचल्या. टोपली जागची हलली नाही.

टोपलीच्या बरोबर खाली रंगुबाई बसली होती. पुणतांब्याची ही म्हातारी लेकीकडे आली की देवीची साडी इथूनच न्यायची. तिच्यापुढे एक हिरवी आणि एक पिवळी अशा दोन साड्या पसरलेल्या होत्या, आणि चहा दोनदा येऊन गेला तरी तिचं ठरत नव्हतं.

“हिरवी घ्या, मावशी,” शेजारची एकजण म्हणाली. “देवीला हिरवी आवडते.”

“तुला सांगाय आल्ती का देवी?” रंगुबाई म्हणाली. मग तिनं डोळे मिटले, पिवळ्या साडीवर तळहात धरला आणि पुटपुटली, “आई, तूच काय ते सांग. ही का ती?”

टप्प करून तिच्या तळहातावर एक थेंब पडला.

रंगुबाईनं डोळे उघडले. थेंब सोनेरी होता. तिनं तो हुंगला, जिभेला लावला, आणि हळूहळू वर पाहिलं. समोरच्या खांबावर देवीची तसबीर होती, तिला झेंडूचा हार होता. टोपली तिच्याही वर, पताकांच्या गर्दीत लपलेली.

“गोड हाय,” रंगुबाई म्हणाली. “मध हाय, मध. आईनं कौल दिला.”

एवढं पुरेसं होतं. बायका साड्या टाकून खांबाशी जमल्या. कुणी पायातल्या चपला काढल्या. कुणी म्हणालं हारातल्या फुलांचा मध असंल, त्यावर रंगुबाईनं विचारलं, “झेंडूला मध येतो व्हय गं? कुठल्या रानातला झेंडू तुझा?” तेवढ्यात दुसरा थेंब पडला, तोही पिवळ्या साडीच्या बाजूलाच. मग बायका वळल्या आणि म्हणू लागल्या, “स्टेला, पिवळी दाखव. आम्हालाबी पिवळीच दाखव.”

स्टेलानं वर पाहिलं. सहादेवनं कठड्यावरून बोट ओठावर ठेवलं. स्टेलानं मान हलवली. तिला अजून कुणी काही विचारलं नव्हतं.

सहादेवच्या मनात दोन गोष्टी चालल्या होत्या. एक, हे बरं नव्हे. आणि दुसरी, पिवळ्या साड्या गेल्या दिवाळीपासून पडून होत्या. दुसऱ्या गोष्टीचं पारडं जरा खाली गेलं होतं, एवढ्यात दारातून सत्यशीला आत आली.

ती रोज उशिरा यायची, सहादेवचा डबा घेऊन. बाजरीची भाकरी आणि कारल्याची भाजी. पण आज दुपारी देवळात जायचं म्हणून लवकर निघाली होती. गर्दी पाहून तिनं दारातच चपला काढल्या.

“ये, सत्यशीला, ये,” रंगुबाईनं तिला हाताला धरून पुढं आणलं. “तुझ्याच दुकानात आई प्रगट झाली आन् तू घरी कारली चिरीत बसली व्हय? हात पुढं कर.”

सत्यशीलेनं डबा खाली ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि हात पुढे केला. थेंब पडायला जरा वेळ लागला. सगळ्या बायका श्वास रोखून उभ्या. मग टप्प झालं. सत्यशीलेनं तळहात डोळ्यांना लावला, आणि तसाच धरून उभी राहिली.

“घे की तोंडात,” रंगुबाई म्हणाली.

“मावशी, मला नाही चालत. नेम आहे.”

“आज कंचा नेम?”

सत्यशीला संकोचली. असं काही चारचौघांत सांगायची तिला सवय नव्हती. ती अगदी हळू बोलली, पण दुकान एवढं गप्प होतं की माळ्यापर्यंत ऐकू गेलं.

“ह्यांची साखर उतरेपर्यंत गोड सोडलंय मी. देवापुढं बोललेय तसं.”

वर सहादेव खुर्चीवरून अर्धा उठला आणि तसाच राहिला.

“आगं, पर ह्यो परसाद हाय,” रंगुबाई म्हणाली. “परसादाला नेम आडवा येत न्हाई. आई स्वता हातावर देती आन् तू न्हाई म्हनती?”

“नुसता डोळ्याला लावला तरी पोचतो,” एकजण म्हणाली.

“डोळ्यानं खातात व्हय? नाकारला म्हंजी नाकारला,” दुसरी म्हणाली.

सत्यशीला गोंधळून तळहाताकडे बघत राहिली. एकीकडे देवापुढं दिलेला शब्द, दुसरीकडे देवीनं हातावर ठेवलेला प्रसाद. तिच्या आयुष्यात दोन नेमांची अशी गाठ कधी पडली नव्हती. तिचा चेहरा अगदी उतरला. मग तिनं डोळे मिटले, “आई, माफ कर” असं काहीतरी म्हणाली, आणि हात हळूहळू तोंडाकडे नेऊ लागली.

“थांब,” वरून आवाज आला.

सगळ्यांनी वर पाहिलं. सहादेव कठडा धरून उभा होता.

“खाऊ नगंस. परसाद न्हाई त्यो. जिलबी हाय.”

“कुणाची जिलबी?” रंगुबाईनं विचारलं.

“माझी.”

रंगुबाई काउंटरकडे वळली. “व्हय का गं, स्टेला?”

“व्हय,” स्टेला म्हणाली. “वाल्मिकच्या हॉटेलातली. रोज जाते. आज टोपली अडकली.” आणि कित्येक दिवस पोटात साठलेलं एकदाचं बाहेर पडल्यासारखा तिनं सुस्कारा टाकला.

पहिल्यांदा एक पोरसवदा सून हसली, मग तिची सासू, मग सगळंच दुकान. रंगुबाई मात्र हसली नाही. तिच्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला होता.

“म्हंजी माझा उपास मोडला?”

“नाही मोडला, मावशी,” स्टेला म्हणाली. “तुमच्या तोंडात पाक गेला. पाकात नुसती साखर असते.”

“पाक जिलबीतनं आला. जिलबीत मैदा असतो.”

“मैदा वरच राहिला ना, टोपलीत. खाली पाकच आला.”

रंगुबाईनं टोपलीकडे नीट पाहून घेतलं आणि तिचं समाधान झालं. मग तिनं पिवळी साडी उचलून काउंटरवर ठेवली. “बांध ही.”

“पण मावशी, कौल तर...”

“जिलबी त्याची असंल. पर टोपली माझ्याच डोक्यावर कुणी अडकवली?”

“मी बांधलेल्या पताकेनं अडकली,” स्टेला म्हणाली.

“आन् पताका बांधाय तुला कुणी सांगितलं?”

“मालकांनी.”

रंगुबाईनं वर सहादेवकडे पाहून हात जोडले. ते मनापासून होते की टोमणा होता, हे सहादेवला कळलं नाही. त्यानंही घाईघाईनं हात जोडले.

बायका पांगल्यावर सत्यशीला डबा घेऊन जिना चढून माळ्यावर आली. तिनं भाकरी वाढली. सहादेवनं कारल्याची फोड तोंडात टाकली आणि आज ती त्याला मुळीच कडू लागली नाही. लागली असती तरी सांगायची हिंमत नव्हती.

“कवापास्नं गं?” त्यानं खाली मान घालून विचारलं.

“तुमचा पहिला रिपोर्ट आला तेव्हापासून.”

“मला बोलली न्हाईस ती.”

“नेम सांगत सुटायचा नसतो.”

सहादेव जरा वेळ घास चावत राहिला. मग त्याला काहीतरी आठवायला लागलं आणि चावणं हळूहळू थांबलं.

“मंग सप्त्यातला बुंदीचा लाडू? तुझ्या वाटणीचा?”

“घरी आणून फडताळात ठेवला.”

“भाचीच्या, पूजाच्या बाळाच्या बारशाचे पेढे?”

“तेही ठेवले. प्रसाद काय, मानाचं काय, टाकायचं नसतं. कुणातरी आल्यागेल्याच्या तोंडी लागेल म्हणून ठेवायची मी.” ती थांबली. “पण दुसऱ्या दिवशी बघितलं तर नसायचं. मला वाटायचं, आपली नात मोनिका शाळेतून आल्यावर खात असेल.”

सहादेव भाकरीच्या एकाच तुकड्याला भाजी लावत राहिला.

सत्यशीलेनं त्याच्याकडे पाहिलं. मग अजून जरा निरखून पाहिलं.

“तुम्ही?”

“वाया जायला नगं म्हनून,” सहादेव म्हणाला.

“संक्रांतीच्या गूळपोळ्या?”

“व्हय.”

“सत्यनारायणाचा शिरा? वाटी भरून ठेवला होता मी.”

“वाटी घासून ठिवली हुती की.”

सत्यशीलेनं पदर तोंडाला लावला. सहादेवला वाटलं ती रडते आहे. पण तिचे खांदे हलत होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं ते हसून. “म्हणजे मी गोड सोडलं,” ती कशीबशी म्हणाली, “आणि माझ्या वाटणीचंही तुमच्याच पोटात गेलं. मी रोज देवाला विचारते, माझ्या नेमात काय खोट राहिली म्हणून. तो बिचारा काय सांगणार.”

सहादेवही हसायला गेला, पण त्याला नीट जमलं नाही.

“सोड त्यो नेम,” तो म्हणाला. “माझ्यापायी कशाला जिवाला तरास.”

“देवापुढं बोललेलं असं सुटत नाही.” डब्याचं झाकण लावता लावता ती नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाली, “उद्यापन कधी करायचं ते आता माझ्या हातात नाही. तुमच्या हातात आहे.”

ती देवळाकडे गेली. दुपारभर गिऱ्हाईक येत-जात राहिलं. कुणी वर बघून हसलं तरी सहादेवनं मनावर घेतलं नाही.

नवमीला पहाटे ती देवघरात अखंड दिव्यात तेल घालून जपाला बसली होती. तेव्हा मागच्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज झाला. मग पलंगाखालून खोकं ओढल्याचा. धाकट्या मेव्हण्यानं कधीतरी दिलेले पांढरे बूट अजून त्या खोक्यातच होते. त्यांच्या नाड्या ओवून घ्यायला बराच वेळ लागला, मध्ये एकदा दबक्या आवाजात शिवीही ऐकू आली. सत्यशीलेनं वळून पाहिलं नाही. तिनं माळेचा मणी पुढे सरकवला.

बाहेर अजून धूसर होतं. शेजारी ओट्यावर दात घासत बसलेल्या कानिफनाथनं सहादेवला फाटकातून निघताना पाहिलं.

“शेठ, येवढ्या पहाटं कुनीकडं?”

“हितंच,” सहादेव म्हणाला, आवाज बेतानंच ठेवून. “पाटापतूर जाऊन येतो.”

त्यानं फाटक वाजणार नाही असं लावून घेतलं, धोतराचा सोगा नीट खोचला, आणि नव्या बुटांनी जरासा लंगडत पाटाच्या दिशेनं चालायला लागला.