क्लाराची निळी वही

कुणी सहज म्हणालं, "या एकदा घरी," की क्लारा पिशवीतून निळी वही काढायची, पेनाचं टोपण दातात धरायची आणि विचारायची, "कधी?"

साताऱ्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. ‘या एकदा’ म्हणजे ‘बरं, निघा आता’ हे आपल्याला आईच्या पोटातच कळलेलं असतं. समोरचा म्हणतो, "येऊ की!" आणि दोघंही सुखाने आपापल्या वाटेला लागतात. पण ही डेन्मार्कची पोरगी पेन उघडून उभी! भाजीवाली, पोस्टमन, एसटीचा कंडक्टर, सगळ्यांची तिने पंचाईत केली. आमच्या मुख्याध्यापिका तर गडबडून म्हणाल्या, "अगं, म्हणजे... सवडीने." क्लाराने लिहून घेतलं, ‘सवडीने’.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याच्या एका कॉलेजात एका सत्रासाठी परदेशी मुलं आली होती. त्यांतली ही मेंढपाळांचा अभ्यास करायला पाच महिने आमच्या माडीवर राहिली. मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची, कन्याशाळेत भूगोल शिकवणारी, आणि साताऱ्याबाहेरचं जग बहुतेक नकाशावरच पाहिलेली. घरात परदेशी मुलगी आहे म्हटल्यावर माझं नाक इतकं वर गेलं होतं, की पाऊस आला असता तर आत पाणी शिरलं असतं. हळदीकुंकवाला मी तिला नऊवारी नेसवून अशी मिरवली, जणू मीच तिला कोपनहेगनमध्ये जन्म दिला होता.

सत्र संपलं. शेवटच्या दोन दिवसांत जीप करून फिरायचं ठरलं. तिचे दोन मित्र, लांबुडका टॉम आणि सोफी, पुण्याहून आले. दुभाषी म्हणून मी निघाले. खरं सांगायचं तर मला महाबळेश्वरला जायचं होतं. पॉइंटावर गोऱ्या मुलांसोबत, आयुष्यातल्या पहिल्या पंजाबी ड्रेसमध्ये आणि नव्याकोऱ्या गॉगलमध्ये फोटो काढून घ्यायचा होता. तो फोटो कुणाकुणाला दाखवायचा, याची यादीसुद्धा तयार होती.

क्लारा ड्रायव्हरशेजारी बसली, वही उघडली आणि म्हणाली, "आधी फलटण."

"फलटणला काय आहे?" मी विचारलं.

"कारखान्यातले साहेब. लग्नात भेटले होते. ऊस खायला या म्हणाले."

"अगं, तसं म्हणायचं असतं. मनात काही नसतं लोकांच्या!"

"पण म्हणाले," क्लारा म्हणाली. जीप फलटणला वळली. मी गॉगल काढून पर्समध्ये ठेवला.

साहेब दुपारचे झोपले होते. बनियनवरच बाहेर आले, आम्हाला बघून पुन्हा आत गेले. आतून बाईंचा आवाज आला, "आवं, कुणाला काय बोलून येता तुमी?" मग साहेब मागच्या दाराने दुधाला पळाले. मी लाजेने भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले, एप्रिल पुरा केला, मे सुरू केला. अर्ध्या तासात शिरा आला, तासाभरात शेजारी आले, आणि निघताना साहेबांनी जीपच्या टपावर उसाची अख्खी मोळी बांधली. क्लाराने वहीत खूण केली.

दहिवडीच्या पुढे, माळावर, मेंढरांमागची म्हातारी तिला बघून मटकन खालीच बसली. "आगं बया, खरंच आली व्हय गं! लय मानसं येतो म्हनत्यात, कुनी येत न्हाई." बाजरीच्या भाकरीवरचा ठेचा खाऊन टॉमच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. म्हातारी खूश होऊन म्हणाली, "रडू नगं रं लेकरा, परत ये." क्लाराने विचारलं, "कधी?" म्हातारी म्हणाली, "मी हाय तवर." तेही तिने लिहून घेतलं.

पलूसच्या बागाईतदाराने द्राक्षं खायला बोलावलं होतं. द्राक्षं संपलेली. तो इतका ओशाळला, की बेदाण्याची पिशवीच आमच्या अंगावर टाकून उभा राहिला. दोन दिवसांत अकरा घरं झाली. महाबळेश्वर राहिलं.

मिरजेच्या स्टेशनवर त्यांच्या परतीच्या गाडीला पाऊण तास होता. टॉम आणि सोफी वजनाच्या मशीनमधून भविष्याचं कार्ड काढायला गेले. मी बाकावर बसून पाय दाबत होते. माझी धुसफूस शिगेला पोहोचलेली.

"झाली का एकदाची वही?" मी म्हटलं.

"एक राहिलंय," ती म्हणाली आणि पहिलं पान उघडलं. माझं नाव. खाली, ‘निवांत बसून बोलू या एकदा.’ पुढे कधी? तर ‘पेपर तपासून झाले की’. ते खोडून ‘परीक्षा झाली की’. तेही खोडून ‘पाहुणे गेले की’.

पाच महिने मी तिला जेवू घातलं, नटवलं, मिरवलं. विचारलं काहीच नव्हतं. मी सरकून बसले. म्हटलं, "घरी कोण कोण असतं गं तुझ्या?"

"आता कोणी नाही. आई होती." ती वहीचा कोपरा दुमडत राहिली. "दोन वर्षं अंथरुणाला होती. सगळे फोनवर म्हणायचे, येऊ हं. आई रविवारी दोन कप जास्त मांडायला लावायची. संध्याकाळी मी ते तसेच उचलून ठेवायची." मग म्हणाली, "लोक बहुतेक उगीच म्हणतात, मला कळतं. पण एखादा खरंच वाट बघत असला तर?"

मी पर्समधले बेदाणे तिच्या हातावर ठेवले.

गाडी लागली. टॉमने उसाची मोळी दारातून आत कोंबली. क्लारा दारात उभी राहून म्हणाली, "तुम्ही या ना एकदा माझ्या घरी."

‘येऊ की’ अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि विचारलं, "कधी?"

तिने वही काढली. पेन सापडेना. पाच महिन्यांत पहिल्यांदाच सापडेना. माझ्या पर्समध्ये गॉगलखाली पेपर तपासायचं लाल पेन होतं. ते मी तिच्या हातात दिलं.