चौऱ्याण्णव गोळ्यांचा एक गोळा

रनातच्या पट्टीखालची मेणाची गोळी चिंचोक्याएवढी असते. काळी, किंचित चिकट, एका बाजूला अंगठ्याचा ठसा. तिच्यात निम्मं मेण आणि निम्मा शिशाचा कीस. रनात म्हणजे होडीसारख्या पेटीवर दोरीने टांगलेल्या, काठ्यांनी वाजवायच्या एकवीस लाकडी पट्ट्या, आणि प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना खालून अशी एकेक गोळी. गोळी वाढवली की सूर उतरतो, खरवडली की चढतो. मुगाच्या दाण्याएवढा फरकही कानाला कळतो. वरून मात्र यातलं काहीच दिसत नाही.

लामयोंगताईंनी पट्ट्या उलटून बघितल्या.

लामयोंगताई म्हणजे ख्रू सांगुआन यांची धाकटी बहीण. ख्रू म्हणजे गुरुजी. अम्फावा गावाच्या कालव्यांवर एक्याऐंशी वर्षांच्या या गुरुजींना दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी हाक मारत नसे. बहिणीने बँकॉकमध्ये चौतीस वर्षं वॉर्डसिस्टर म्हणून काढली होती. दोन महिन्यांपूर्वी निवृत्त होऊन ती भावाकडे राहायला आली आणि पहिल्याच दिवशी तिने जाहीर केलं, की या घराच्या जमिनीवर ऑपरेशन करता येईल इतकं ते स्वच्छ होणार. मग तिने भावाचा पानाचा डबा उकळून काढला, मांजराची नखं कापली आणि बुद्धाच्या तसबिरीवरचा धूपाचा धूर स्पिरिटने पुसला. उरली होती वाद्यं. गुरुवारी गुरुपूजन होतं. बुधवारी सकाळी सगळे बाजारात गेलेले बघून ताईंनी रबरी हातमोजे चढवले.

दुपारी ओराथाई मोगऱ्याचे हार घेऊन आली. ओराथाई सव्वीस वर्षं ख्रूंकडे शिकत होती आणि वाद्यवृंदात रनातवर तीच बसायची. ताईंनी तिला हाताला धरूनच आत नेलं.

"गांधीलमाशीची घरटी होती गं पोरी. प्रत्येक पट्टीखाली दोन-दोन. इतकी वर्षं तुम्ही लोक यात हात घालता तरी कसे?"

ओराथाईने एक पट्टी उलटली. स्वच्छ. दुसरी उलटली, तीही स्वच्छ. खर्जातल्या मोठ्या रनातच्या अठरा पट्ट्याही लखलखत होत्या. आता आशा होती ती काशाच्या सोळा घंटांवर. त्यांनाही पोटातून मेणाची एकेक गोळी असते.

"त्यांच्यातही होती," ताई म्हणाल्या, "पण एकेकच. आळशी माशी असणार."

ओराथाईने शक्य तितक्या शांतपणे विचारलं, की ती घरटी कुठे आहेत. ताईंना प्रश्नाचाच राग आला. त्या काही टाकत नसत. त्यांनी एक वाडगा आणला. त्यात मोसंब्याएवढा एक काळा, गुळगुळीत गोळा होता. गरम पाण्यात मळून त्यांनी सगळं एकजीव केलं होतं. खिडक्यांच्या फटी बुजवायला उपयोगी पडणार होतं. चौऱ्याण्णव गोळ्या, पंचावन्न सूर, सगळे त्या वाडग्यात सुखाने नांदत होते.

तेवढ्यात बुनचुआय आला. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता आणि घंटा वाजवायचा. त्याने एक घंटा वाजवून बघितली. पातेल्यावरचं झाकण पडावं तसा आवाज आला. त्याने घाईने फोन काढला. त्यात सूर तपासायची सोय होती. फोन लाल झाला. त्याने सगळ्या घंटा वाजवल्या. फोन लालच. ओराथाईने त्याला सांगितलं, की काल सगळं सुरात होतं तेव्हाही हा फोन लालच झाला असता. फोनला सप्तकात बारा घरं माहीत आहेत. आपली सात, आणि सातही सारख्या अंतरावर. बुनचुआयने ते पटल्यासारखी मान हलवली आणि फोन चालूच ठेवला. वृंदातल्या सनईवाल्याकडे सूर मागितला तर तो म्हणाला, की त्याची सनई बाकीचे जातील तिथे जाते. बाकीच्यांनी कुठे जायचं ते ठरवून कळवावं.

थोडक्यात, गावाचा सूर आता एकाच ठिकाणी शिल्लक होता: ख्रूंच्या कानात.

आणि ओराथाईची खरी पंचाईत तिथेच होती. गेली तीन वर्षं ख्रूंना रनातच्या वरच्या पट्ट्या ऐकू येत नव्हत्या. पूजेच्या आधी ते सूर लावायचे, पट्टी वाजवून "बरोबर?" असं तिला विचारायचे, ती "बरोबर" म्हणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भिक्षूंना भात वाढायला धक्क्यावर गेले, की ती तापवलेल्या खिळ्याने वरच्या सहा पट्ट्या गुपचूप सुधारायची. दर वर्षी ती ठरवायची, की पूजा झाली की सांगायचं. पूजेनंतर कोणाची तरी दीक्षा निघायची, मग सोंगक्रानचं नववर्ष यायचं, मग वर्षावास, मग पुन्हा पूजा.

या वेळी गुपचूप काही होण्यासारखं नव्हतं. तीन गावांचे वादनगुरू पूजेच्या आदल्या दिवशीच मुक्कामाला आले होते आणि बांगडा-भात खाऊन वाद्यांभोवतीच चटया टाकून बसले होते. ती बोलली तर आज त्यांच्यासमोर ख्रूंची शोभा, न बोलली तर उद्या सगळ्या पंचक्रोशीसमोर.

ख्रू वामकुक्षीहून उठले. वाडग्यातला गोळा त्यांनी बोटाने दाबून बघितला.

"लामयोंग, माझं कासवही तू असंच धुऊन धुऊन मारलं होतंस," एवढंच ते म्हणाले आणि मेण तापवायला मेणबत्ती मागितली.

एका गोळीला तीन मिनिटं, म्हणजे पावणेपाच तास, असा ओराथाईने हिशेब केला होता. पहिले चार तास बघण्यासारखे होते. म्हातारा चिमटीने गोळी दाबायचा, नखाने कणभर काढायचा आणि सूर जागेवर येऊन बसायचा, मांजर उंबऱ्यावर बसावं तसा. घंटा झाल्या, खर्ज झाला. पाहुणे माना डोलवत होते. मग ख्रू रनातच्या वरच्या टोकाला पोचले.

त्यांनी पट्टी वाजवली, मान कलती केली, मेण लावलं. पुन्हा वाजवली, पुन्हा लावलं. सूर पायऱ्या उतरू लागला. पाहुण्यांच्या माना डोलतच होत्या. यजमान गुरूला चूक दाखवायला ते आले नव्हते. विसावी पट्टी उतरून उतरून एकोणिसावीच्याही खाली गेली. एकविसावी तिच्याच सुरावर येऊन बसली. आणि त्याच क्षणी, दुपारपासून लाल असलेला बुनचुआयचा फोन हिरवा झाला.

"हिरवा!" बुनचुआय ओरडला. "ख्रू, यंत्रानेही मानलं!"

ख्रू प्रसन्न हसले. पाहुण्यांनी फोन हातोहात फिरवून बघितला.

नारळाच्या वड्यांचं ताट घेऊन लामयोंगताई आल्या होत्या. त्या थबकल्या.

"दादा, या शेवटच्या दोन्ही एकच वाजतायत रे."

पाहुण्यांनी फोन बुनचुआयला परत दिला.

"मला गाण्यातलं कळत नाही," ताई म्हणाल्या. "पण वॉर्डात दोन खाटांच्या घंटा सारख्या वाजल्या तर धावायचं कुठे?"

तिन्ही पाहुण्यांना एकदम आपापल्या चहात काहीतरी पडलेलं दिसलं.

"हिला धुण्यापलीकडे काय कळतं," ख्रू म्हणाले. "ओराथाई, तू सांग. बरोबर?"

तीन वर्षांच्या सवयीने "बरोबर" ओठांपर्यंत आलं. ओराथाईने ते गिळलं.

"नाही, ख्रू," ती म्हणाली. "वरच्या सहा पट्ट्या तुम्हाला आता ऐकू येत नाहीत."

ख्रूंनी हातातली मेणाची गोळी वाडग्यात ठेवली.

"नऊ," ते म्हणाले.

"काय?"

"सहा नाही, नऊ. सहा तू सकाळी येऊन सुधारतेस. उरलेल्या तीन मी दाताला टेकवून, थरथरीवरून लावायचो. मागच्या महिन्यात तो दात पडला."

पाहुण्यांपैकी एकाला ठसका लागला. लामयोंगताईंनी तोंड उघडून बघायला टॉर्च मागवला आणि ख्रूंनी तो हाताने बाजूला सारला. ओराथाईला एवढंच विचारायचं होतं, की मग तीन वर्षं तुम्ही बोलला का नाहीत. ख्रू म्हणाले, हेच ते तिला विचारणार होते. दर वर्षी त्यांना वाटायचं, आज पोरगी बोलेल, आणि दर वर्षी तिचं ते "बरोबर" यायचं. तेवढं मात्र अगदी स्पष्ट ऐकू यायचं.

"पूजा झाली की आपण यावर..." ओराथाईने सुरुवात केली. मग तिची नजर वाडग्याकडे गेली. तिने तो उचलून आपल्या मांडीवर घेतला, मेणबत्ती जवळ ओढली आणि तिन्ही पाहुण्यांना ऐकू जाईल, आणि मुख्य म्हणजे ख्रूंना ऐकू जाईल, अशा आवाजात म्हणाली,

"ख्रू, आजपासून सूर मी लावणार. पंचावन्नच्या पंचावन्न."