तीनशे चाळीस मालकांचे अनुभव

पिस्तूल नेमकं साडेसहाशे ग्रॅम भरलं. बन्सीने ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं होतं आणि आकडा वहीत उतरवून घेत होता, तेवढ्यात सारजाबाई आत आल्या.

"काढ ते तिथून. त्याच्यावर मी रवा मोजत असते."

"रिकामं हाय माय ते. गोळ्या दादाच्या कपाटात हायेत."

"मंग रिकाम्याचं वजन कशाला करतो?"

बन्सीने आकडा पुन्हा एकदा तपासला. तो रसायनशास्त्रात एम.एस्सी. होता, पुंडलिकनगरातल्या एका क्लासमध्ये बारावीला शिकवायचा, आणि समोर आलेली वस्तू आधी तोलायची, मग मोजायची, मग तिच्याबद्दल वाचायचं, अशी त्याची रीत होती. मुलगी बघायला गेला तेव्हाही त्याने पोह्यांतल्या शेंगदाण्यांचं प्रमाण मनातल्या मनात काढलं होतं आणि मुलीचा चेहरा बघायचा राहून गेला होता. तिकडून नकार आला तेव्हा त्याला शेंगदाणे तेवढे आठवत होते.

पिस्तूल दादांचं, म्हणजे वडिलांचं होतं. अजिंठ्याजवळच्या गावी बारा एकर कसत असताना, एकवीस वर्षांपूर्वी, कारभारींनी ते घेतलं. लपवून बाळगता यावं म्हणून मुद्दाम लहान, तळहाताएवढं घेतलं. पण आपण काहीतरी लपवलंय हे लोकांना कळणारच नसेल तर लपवण्यात काय अर्थ, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे ते दर दोन मिनिटांनी बंडीखाली हात घालून कंबर चाचपायचे. पंगतीत मांडी घालताना ते पोटात रुतायचं, तेव्हा कारभारी "आई गं" म्हणायचे आणि मग शेजारच्याला कारण सांगायचे. गावात कारभारी नावाचे आणखी पाच जण होते. पिस्तूलवाले कारभारी एकच. ह्या एकवीस वर्षांत पिस्तूल एकदाही वाजलं नव्हतं. विकताना दुकानदाराने वाजवून दाखवलं असेल तेवढंच.

आता कारभारींना त्र्याहत्तरावं लागलं होतं. जमीन बटईने देऊन ते लेकाकडे शहरात आले होते आणि लायसन बन्सीच्या नावावर करण्याचा अर्ज देऊन बसले होते. अर्जाला एक दाखला हवा होता. हेच हत्यार नेमबाजीच्या मैदानावर, शिकवणाऱ्या माणसासमोर चालवून दाखवायचं. वीस तारखेपर्यंत दाखला आला नाही तर पिस्तूल ठाण्यात जमा करावं लागणार होतं.

"जमीन बटईनं गेली, बैलं गेली," कारभारी म्हणाले. "आता हे गेलं तर मी गावात कोण म्हणून जाऊ? बन्सीचा बाप म्हणून?"

बन्सीला ते लागलं. कारण बन्सीचा बाप म्हणून गावात कुणी ओळखलं असतं, ह्याची त्यालाही खात्री नव्हती.

म्हणून तो कामाला लागला. लहान पिस्तुलांच्या भरवशाबद्दल मालक लोक इंटरनेटवर काय काय लिहितात ते त्याने चार दिवस वाचलं. तीनशे चाळीस मालकांचे अनुभव त्याने तक्त्यात भरले. कुणाचं पिस्तूल गोळी अडकवायचं, कुणाचं रिकामं टरफल बाहेर टाकायचं नाही, कुणाचं फक्त सासऱ्यासमोर चालायचं नाही. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की पिस्तूल जितकं लहान तितकं लहरी. स्वतः त्याने आयुष्यात दिवाळीच्या टिकल्यांपलीकडे काही वाजवलं नव्हतं. पण तक्ता फार सुबक झाला होता.

पहिल्या रविवारी बापलेक छावणीच्या पलीकडच्या मैदानावर गेले. शिकवणारे पुंजाराम हे सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार होते. बावीस वर्षं उत्तरेत काढल्याने त्यांची मराठी मधूनच गाडी बदलायची. त्यांनी गोळ्या भरून दिल्या, बन्सीचे पाय योग्य जागी सरकवले, आणि बन्सीने डोळे किलकिले करून चाप ओढला.

टिक.

दहा गोळ्यांचा दहा वेळा टिक एवढाच आवाज झाला. भिंतीवरच्या पालीनेसुद्धा ह्याहून मोठा केला असता. पुंजारामांनी एक गोळी काढून तिचं बूड दाखवलं. पिस्तुलाच्या आतली पिन तिथे जोरात आपटायला हवी. आपटल्याची खूण होती, पण अगदी पुसट.

"मारत नाय हे," पुंजाराम म्हणाले. "गोली को नुसता सलाम करतंय. खोलून बघू का?"

कारभारींनी पिस्तूल लगेच आपल्याकडे ओढलं. पूजेतलं हत्यार आहे, आजवर परक्या हाताने उघडलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. खरं तर त्या वेळी बन्सीने वडिलांची समजूत घालायला हवी होती. पण त्यालाही परक्याने कारण शोधलेलं नको होतं. तक्ता कशासाठी केला होता मग. त्याने पुंजारामांकडे आठ दिवस मागितले आणि कारण आपण काढतो, असं सांगितलं. पुंजारामांनी कॅलेंडरकडे बघितलं. पुढचा रविवार अठरा तारखेला होता.

घरी येऊन बन्सीने भिंगाखाली ती खूण मोजली. अर्ध्या मिलिमीटरहून कमी. म्हणजे पिनेला पुरेसा वेग मिळत नाही. म्हणजे आत कुठेतरी घर्षण. इथपर्यंत त्याचं सगळं बरोबर होतं, आणि पुढे जे झालं ते पाहता, त्याने इथेच थांबून जेवून घ्यायला हवं होतं.

त्याने तक्ता उघडला. एकशे बारा मालकांनी एकच सांगितलं होतं: तेल द्या, आणखी द्या. सारजाबाई तेव्हा कुरडयांचा चीक हाटत होत्या. बन्सीने मशीनचं तेल घरात आहे का विचारलं. त्यांनी चाटू न थांबवता हनुवटीने फळीकडे दाखवलं. फळीवर लांब नळीची बाटली होती आणि तिच्यावर बन्सीच्याच दहावीतल्या अक्षरात चिठ्ठी होती: शिलाई मशीन तेल. प्रयोगशाळेत बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय काहीही वापरू नका, असं तो पोरांना दरवर्षी बजावायचा. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली. मग वडिलांच्या देखत पिस्तुलाच्या प्रत्येक फटीत नळी घालून तेल सोडलं, ओघळ येईपर्यंत.

नंतर त्याला वाटलं, आत दमटपणाही असणार. रोज रात्री देवघराचा कप्पा, समईचा धूर, एकवीस पावसाळे. तेव्हा ऊन द्यायला हवं. एप्रिल मध्यावर आला होता आणि पारा बेचाळीसवर होता. गच्चीवर सारजाबाईंच्या कुरडया वाळत होत्या. त्यांच्या शेजारी बन्सीने स्टीलच्या ताटात पिस्तूल ठेवलं आणि हत्यार उघड्यावर सोडू नये म्हणून बापलेक छत्री घेऊन त्याच्याजवळ बसले. दर अर्ध्या तासाने बन्सी ते कुरडईसारखं उलथं करायचा.

शेजारच्या गच्चीवरून द्वारकाबाईंनी हाक मारली, "काय वाळू घातलं हो मास्तर?"

"पिस्तूल," बन्सी म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

द्वारकाबाई लगेच खाली गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत ठरलं की मास्तरांना कुणीतरी धमकी दिली आहे. दुसऱ्या दिवशी ठरलं की मास्तरच कुणालातरी देणार आहेत. तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थ्याचे वडील घरी आले, दारातच उभे राहिले, आणि पोराला रसायनशास्त्रात एकोणतीस मार्क पडले ते अगदी रास्त आहेत, आपली काही तक्रार नाही, असं सांगून पाणीही न घेता गेले. आयुष्यात पहिल्यांदाच पालकाने त्याचं म्हणणं मान्य केलं होतं. बन्सीने त्याचा अर्थ असा घेतला की आपल्या शिकवण्यात आता फरक पडतोय.

तीन दिवस, रोज चार तास, असं एकूण बारा तास ऊन दिलं. वहीत नोंद होती.

अठरा तारखेला पुंजारामांनी पिस्तूल हातात घेतलं आणि वरचा सरकता भाग मागे ओढला. तो ओढला गेला नाही. त्यांनी दात आवळून ओढला. मग पिस्तूल मांडीशी धरून ओढला. मागच्या रविवारी निदान टिक तरी झालं होतं. आता तेही नव्हतं.

"काय केलं काय तुम्ही ह्याला?" त्यांनी विचारलं.

बन्सीने वही काढली. पुंजारामांनी ती हातानेच बाजूला केली आणि कारभारींकडे बघितलं. कारभारींचा हात बंडीखाली गेला, तिथे काही नव्हतं, हात परत आला.

"खोला," ते म्हणाले, आणि जवळच्या माणसाचं ऑपरेशन असावं तसे पाठ करून उभे राहिले.

पिस्तूल खोलायला पंधरा मिनिटं लागली, त्यातली बारा नुसता तो सरकता भाग सुटायला. आत सगळीकडे पिवळसर, पारदर्शक, चिवट थर होता. पिन त्यात माशी मधात बसावी तशी बसली होती. थरात कुंकू होतं, हळद होती आणि तांदळाचे दाणे होते. बन्सीने ते मोजले. अकरा.

पुंजारामांनी थराला नखाने खरवडून नाकाशी नेलं. "तळलंय कशात हे?"

बन्सीनेही वास घेतला. मग तो थोडा बाजूला गेला आणि घरी फोन लावला.

"माय, त्या मशीनच्या बाटलीत काय हाय?"

"तेल."

"कशाचं?"

"तेल म्हंजे तेल. करडईचं. मशीन इकून सात वर्सं झाली की. बाटली चांगली व्हती, फेकू का?"

"आन् खंडेनवमीला पिस्तुलाला कोणतं तेल घालती?"

"तेच, घाण्यावरचं. दरसाल पळीभर. हत्याराला का डालडा पाजू?"

बन्सीने फोन खिशात ठेवला. करडईचं तेल हवेतला प्राणवायू घेतं आणि हळूहळू घट्ट, चिवट पापुद्रा होऊन बसतं, म्हणून ते रंगात आणि वार्निशात घालतात. ऊन दिलं की ते काम झपाट्याने होतं. हे त्याला पुंजारामांनी सांगायची गरज नव्हती. हे त्याने गेल्याच गुरुवारी वर्गात शिकवलं होतं, दोन मार्कांना येतं म्हणून पोरांना त्याभोवती चौकट काढायला लावली होती, आणि वर्ग सुटल्यावर घरी जाऊन पिस्तूल उन्हात उलथं केलं होतं. एकवीस वर्षं मायने वडिलांच्या पिस्तुलाला श्रद्धेने एकेक हात दिला होता. वार्निशचा शेवटचा, जाड हात एम.एस्सी.ने दिला.

"कळलं का कारण?" कारभारींनी पाठमोरेच विचारलं.

"कळलं."

"पिस्तुलात खोट हाय?"

"नाय दादा. पिस्तुलात नाय."

पुढे सगळं सोपं होतं. पुंजारामांनी रंगाचं थिनर आणि ब्रश आणला, थर मऊ करून खरवडला, पिन पुसली, खरं तेल तीन थेंब दिलं. तीनच. बन्सी बघत होता, त्याने मोजायचं टाळलं. सगळं जोडून झाल्यावर पुंजारामांनी पाच-सात वेळा रिकामंच चालवून पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि दहा गोळ्या दोन खेपांत भरून दिल्या.

पहिली गोळी वाजली तेव्हा कारभारींनी छातीवर हात ठेवला. तिसरीला तो काढला. सातवीपर्यंत ते मोठ्याने आकडे मोजू लागले होते. दहाच्या दहा वाजल्या. एकही अडकली नाही, एकही टरफल आत राहिलं नाही. तीनशे चाळीस मालकांपैकी इतका चोख अनुभव फार थोड्यांना आला होता. एकवीस वर्षं कमरेला बांधलेल्या वस्तूचा आवाज कारभारींनी आज स्वतःच्या कानांनी ऐकला होता, आणि त्यांचा चेहरा नातू झाल्यासारखा झाला होता.

पुंजाराम पंधरा मीटर चालत गेले आणि नेमाचा कागद काढून आणला. त्यांनी तो उजेडाला धरला. पुढून बघितला, मागून बघितला. कागद कोरा होता. वर एक भोक होतं, ते टांगायच्या खिळ्याचं.

"दहा गोलियाँ कुठं गेल्या मास्तर?" त्यांनी फार हळू विचारलं. बन्सीला कल्पना नव्हती. प्रत्येक वेळी डोळे मिटलेले असल्याने निरीक्षण उपलब्ध नव्हतं.

दाखल्यावर दोन रकाने होते, हे बन्सीला तेव्हा कळलं. वरचा हत्याराचा, खालचा अर्जदाराचा. पुंजारामांनी वरचा मराठीत भरला, खालचा सैन्यातल्या सवयीने इंग्रजीत. मग त्यांनी कारभारींना समजावून सांगितलं की हत्यार पास आहे, ठाण्यात जमा करायचं काही कारण नाही. लायसन तूर्त तुमच्याच नावावर राहू द्या, मास्तरांना तीन महिने दर रविवारी पाठवा. कारभारींना तूर्त हा शब्द फार आवडला.

परतताना रिक्षात कारभारींनी कंबर चाचपली, जागेवर सगळं असल्याची खात्री केली, रिक्षावाल्याने आरशातून बघितल्याचीही खात्री केली, आणि दाखला बन्सीपुढे धरला.

"वाच."

"हत्यार उत्तम स्थितीत, पूर्ण भरवशाचं," बन्सीने वाचलं.

"पूर्ण भरवशाचं. आन् खाली काय लिवलंय?"

खाली पुंजारामांनी लिहिलं होतं की होणाऱ्या मालकाबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही, दुरुस्तीला वेळ लागेल.

"ते इंग्रजीत हाय, दादा."

"मंग? तू एवढा शिकलेला."

बन्सीने कागद जवळ नेला, लांब नेला, चष्मा काढून पुसला.

"एवढं अवघड मला नाय येत."

कारभारींनी दाखला परत घेतला, चार घड्या घातल्या आणि बंडीच्या खिशात ठेवला. मग लेकाच्या गुडघ्यावर थोपटलं.

"राहू दे," ते म्हणाले. "म्हत्त्वाचं असतंय ते वरच लिवत्यात."