पिशवीतला श्वास

संशोधकरावांनी पिशवीत जोरात फुंकलं, पिशवी यंत्राला जोडली आणि लाल दिवा लागला.

"लाल म्हणजे काय?" समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"लाल म्हणजे... फुप्फुसाच्या कर्करोगाची शंका," संशोधकरावांनी स्वतःच्याच पिशवीकडे बघत सांगितलं.

नुसत्या श्वासावरून आजार ओळखणाऱ्या या यंत्रापायी त्यांनी तीन वर्षं हाडाची काडं केली होती. शंभरात सत्त्याण्णव निदानं बिनचूक! आज समितीने मान डोलावली की यंत्र मोठ्या चाचणीला जाणार होतं, नाहीतर अडगळीत. त्यांच्या स्वतःच्या खोलीत समितीच्या खुर्च्या मावेनात, म्हणून प्रात्यक्षिक रुग्णांचे नमुने घ्यायच्या खोलीत ठेवलं होतं. निरोगी माणूस म्हणून आधी आपणच फुंकावं, ही हौसही त्यांचीच.

बारा वर्षांपूर्वी गच्चीवर चोरून ओढलेल्या सिगारेटी त्यांना एकेक करून आठवल्या. मनातल्या मनात त्यांनी घर बायकोच्या नावावर करून टाकलं.

"सर, मी फुंकते," सहायिका म्हणाली. ती रोज दहा किलोमीटर धावायची. लाल!

"बघू इकडे," म्हणत अध्यक्षबाईंनी फुंकलं. पुन्हा लाल! "अहो, मी जन्मात सिगारेटला हात लावला नाही!"

सहायिकेने घाईघाईने पंपाने पिशवीत नुसती खोलीतली हवा भरली. दिवा लालच.

"म्हणजे आजार खोलीलाच झालाय," समितीतले एक गृहस्थ म्हणाले.

तेवढ्यात सफाईच्या मावशी दारातून ओरडल्या, "साहेब, जरा जपून! फरशी आत्ताच पुसलीय."

संशोधकराव गर्रकन दाराकडे वळले. "मावशी, ही खोली रोज पुसता?"

"दिवसातून तीनदा. आजारी माणसं येतात ना, म्हणून फिनेलही दुप्पट घालते."

"आणि माझी खोली?"

"तिथे तुम्ही पाऊल ठेवू देता होय? नमुन्यांना वास लागेल म्हणून तीन वर्षं दारातूनच हाकलताय मला!"

सगळे रुग्ण इथे फुंकत आले होते आणि सगळे निरोगी लोक त्यांच्या धुळकट खोलीत. यंत्र बिचारं गुणी. तीन वर्षं शिकवलं तेच ते मन लावून शिकलं होतं, फरशी पुसली आहे की नाही ते. संशोधकरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. 'आज यंत्र जरा तापलंय' हे वाक्य अगदी जिभेवर आलं होतं, पण उद्या एखादा खरा रुग्ण या दिव्यावर विसंबला तर? त्यांनी खरं ते सांगून टाकलं.

"चाचणीला मंजुरी नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. मग जरा हसल्या. "पण सहा महिने देते. सगळे नमुने एकाच खोलीत घ्या. आणि सुरुवात करण्याआधी मावशींना विचारा."

घरी बायकोने सगळी कहाणी शांतपणे ऐकून घेतली.

"म्हणजे फरशी पुसलेली असली की लाल?"

"हो."

"आणि नसली की हिरवा?"

"हो गं, कशाला जखमेवर मीठ चोळतेस?"

"छे! उद्या तेवढं यंत्र घरी घेऊन या. दर रविवारी तुम्ही आतली खोली पुसता म्हणता ना, एकदा बघूच."

संशोधकरावांनी मुकाट्याने बादली उचलली.