ओळख पटल्याशिवाय

मेश्रामभाऊंनी एकदा सख्ख्या मामाकडे ऑफिसच्या दारात आधार कार्ड मागितलं. मामा खापरखेड्याहून डबा घेऊन आले होते. त्यांनी कार्ड दाखवलं, डबा दिला आणि चहा न घेता परत गेले. "नाव जुळलं, पण पत्ता जुना आहे," भाऊ जेवताना म्हणाले.

नागपुरात आमचं लहानसं ऑफिस आहे. रोज बाजार समित्यांच्या वेबसाइटवरून संत्र्याचे भाव उचलायचे आणि व्यापाऱ्यांना पाठवायचे, हे काम. ते भाऊंचा प्रोग्राम करतो. जोडणी होताना समोरची वेबसाइट आधी आपलं प्रमाणपत्र दाखवते. त्याची मुदत संपलेली असली, नाव जुळलं नाही किंवा सही अनोळखी निघाली, की प्रोग्राम तिथेच थांबतो. मग भाव न मिळालेले व्यापारी माझा फोन वाजवायला लागतात.

ही तपासणी बंद करणारी एक ओळ असते. बाकीचे प्रोग्रामर ती बिनदिक्कत टाकतात. भाऊ टाकत नाहीत. "कोणालेही घरात काहून घेता, ताई? ओळख पटल्याशिवाय बोलाचं नाही." मग ही सही कोणाची, त्या सहीवर सही कोणाची, असे ते वर वर चढत जातात. एकदा दुपारपर्यंत चढले. शेवटी आमच्याच कॉम्प्युटरचं घड्याळ दोन वर्षं मागे निघालं. त्याच्या लेखी सगळी प्रमाणपत्रं अजून जन्मायची होती. त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून "पहिले तारीख पाहा" हे त्यांचं पालुपद झालं. दूध नासो की कोणाचं लग्न मोडो.

गेल्या पावसाळ्यात त्यांना डेंग्यू झाला. दवाखान्यातून फोन आला, "ताई, माझ्या मशीनवर एक प्रोग्राम रोज अकराले चालते. लाइट गेली होती म्हणे. जरा चालू करून देता का?"

मी फाइल उघडली. संत्र्यांचा काही संबंध नव्हता. शेजारच्या राज्यातल्या एका सरकारी वेबसाइटवरून बेवारस मृतदेहांची यादी आणायची आणि तीत शोधायचं: पुरुष, वय तीसच्या आसपास, उजव्या मनगटावर गोंदलेलं 'सुधीर'.

सुधीर त्यांचा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी उमरेडच्या बसमध्ये बसला. उतरताना कोणी पाहिला नाही. आम्हाला एवढंच ठाऊक होतं. भाऊंनी पुढे कधी विषय काढला नाही, आम्हीही विचारलं नाही.

त्या वेबसाइटच्या प्रमाणपत्राची मुदत कधीचीच संपली होती. आणि फाइलमध्ये ती ओळ होती. तपासणी बंद. शेजारी भाऊंनी लिहून ठेवलं होतं: 'पाच वेळा कळवलं. कोणी ऐकत नाही. थांबता येत नाही.'

मी प्रोग्राम चालवला. भाऊ फोनवरच होते.

"कोणी नाही," मी म्हटलं.

पलीकडच्या खाटेवर कोणीतरी खोकत होतं.

"यादीची तारीख पाहिली ना, ताई?"

मी पुन्हा पाहिली. आजचीच होती.