साडेसतरा टक्के किटली

तीन कंपन्यांनी भागीदारीत चालवायला घेतलेल्या टोलच्या पुलाच्या कार्यालयात, सदतिसाव्या महिन्याच्या एकोणीस तारखेला, विजेच्या एका किटलीबद्दल लेखी आक्षेप दाखल झाला. आक्षेप सर्वांत धाकट्या भागीदाराच्या लेखापरीक्षकाचा होता. किटली उपक्रमाच्या पहिल्याच महिन्यात घेतली गेली, ती थोरल्या भागीदाराच्या खोलीत कुलपात असते, आणि तरीही तिच्या किमतीतले साडेसतरा टक्के आपल्या कंपनीच्या माथी मारले गेले आहेत, असं त्यात नम्रपणे म्हटलं होतं. सोबत किटलीचा फोटो होता. तो किल्लीच्या भोकातून काढलेला होता.

कागद हिशेबनीस बाईंच्या टेबलावर आला. कार्यालयात त्यांना 'दशांश' म्हणत, कारण त्यांनी आजवर कुठलीही रक्कम जवळच्या पूर्णांकाला नेऊन टेकवली नव्हती. त्या कंत्राटावर होत्या. छत्तीस महिने अखंड सेवा झाली की कायम करायचं, असा नियम होता; त्या दुसऱ्या महिन्यात रुजू झालेल्या, म्हणजे अकरा दिवस उरले होते. कायम झाल्याचं पत्र दाखवलं की बँक दोन खोल्यांच्या घरासाठी कर्ज देणार होती. आईने तर पडद्यांचं कापडसुद्धा पसंत करून ठेवलं होतं.

"सोपं आहे, साहेब," दशांशबाई म्हणाल्या. "या महिन्यात दुरुस्तीची एक नोंद टाकते. दोन मिनिटांचं काम."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, दुरुस्ती म्हणजे चूक झाली हे कबूल करणं. चूक झाली म्हटलं की कुणाची, हा प्रश्न येतो. त्या बिलावर मंजुरीची सही कुणाची आहे?"

"थोरल्या कंपनीच्या अध्यक्षांची."

"बघा! वितरण उलटवा. उलटवलं की चूक झालीच नव्हती."

खर्च आणि टोलचं उत्पन्न तिन्ही भागीदारांत टक्केवारीने वाटण्यासाठी कार्यालयात एक संगणक प्रणाली होती. दर महिनाअखेर ती हे वाटप, म्हणजेच वितरण, करी. वाटलेलं परत घेण्याचीही सोय होती, पण शिस्तीत: जो महिना शेवटी वाटला, तो आधी उलटायचा. पहिल्या महिन्यातल्या किटलीपर्यंत पोचायला वरचे पस्तीस महिने बाजूला करावे लागणार होते.

"आणि त्या महिन्यांतलं बाकीचं सगळं?"

"पुन्हा सुलटं करायचं की! जाताना उलटे, येताना सुलटे. दुपारच्या जेवणापर्यंत आटपेल," साहेब म्हणाले आणि त्यांनी तसा लेखी आदेश काढला.

दशांशबाईंनी बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: 'वितरण उलटवले. छत्तिसाव्या महिन्यात काहीही घडलेले नाही.' तिसऱ्या मिनिटाला पगार विभागाचा फोन आला. गेल्या महिन्याचा पगार कुणालाच झालेला नाही, मग लोकांनी तो खर्च कसा केला, याचा खुलासा हवा होता.

अठ्ठाविसाव्या महिन्यात पुलाला नवा कठडा बसवला होता. तो महिना उलटताच सुरक्षा विभागाने फलक लावला: 'येथे कठडा नाही. टेकणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल.' लोक कठड्याला टेकून तो वाचू लागले.

खर्चाचं एक वेळ चाललं असतं. खरा घोळ उत्पन्नाने घातला. टोल जमाच झालेला नाही, म्हणजे माणूस पूल ओलांडून आलेलाच नाही. नोंदींप्रमाणे दोन लाख सोळा हजार चारशे बारा जण, गाडीवाले आणि पायी तिकीटवाले धरून, अजून पलीकडच्या काठावरच उभे होते. तिथे इतका वेळ विनापरवाना थांबल्याबद्दल वाहतूक विभागाने त्यांना नोटिसा पाठवल्या. त्या अलीकडच्या पत्त्यांवर पाठवल्या आणि सगळ्या बिनचूक पोचल्या.

तेवढ्यात आईचा फोन आला. "काय गं, पत्राचं काही कळलं?"

"अजून अकरा दिवस आहेत, आई. आत्ता मी पंधराव्या महिन्यात आहे."

"कशाच्या?" आई दचकली. मग दशांशबाईंनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"अगं, मग एक नवी किटली आणून आदळ ना त्या माणसापुढे! मी देते पैसे."

"तिचा खर्च तिघांत कसा वाटायचा?"

"एवढं शिकवलं तुला, ते यासाठी?" आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

पाचव्या महिन्याशी दशांशबाई थबकल्या. "साहेब, या महिन्यात तुम्ही इथे आलात."

"दाबा, दाबा. मी थोरल्या कंपनीकडून प्रतिनियुक्तीवर आहे. कागदोपत्री मी इथे कधीच नव्हतो," साहेब अभिमानाने म्हणाले.

मग दुसरा महिना आला. दशांशबाईंचं बोट बटणावरच राहिलं.

"साहेब, हा माझा महिना. यात माझी नेमणूक आहे."

"तेवढ्यापुरती जाईल हो. येताना आणूच की तुम्हाला."

"पण येताना बटण कोण दाबणार?"

"तुम्हीच! तुमच्याशिवाय इथे येतं कुणाला?"

या युक्तिवादात भोक कुठे आहे, ते त्यांना स्वच्छ दिसत होतं. पण आदेश लेखी होता, आणि शेवटच्या अकरा दिवसांत नाही म्हणणारी बाई म्हणून नाव होणं परवडणारं नव्हतं. त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर आलं: 'वितरण उलटवले. आपण कोण?'

तीन कंपन्यांच्या त्या भव्य उपक्रमात आता अधिकृतपणे दोनच गोष्टी उरल्या होत्या: पहिल्या महिन्यात घेतलेली किटली आणि त्याच महिन्यात नेमलेला पहारेकरी. किटलीचे साडेसतरा टक्के जिथल्या तिथे होते. पहारेकरी तेवढा वर आला.

"ताई, रोज बघतो मी तुम्हाला. पण यादीत नाव नाही. चला, खालपर्यंत सोडतो."

साहेब जिन्यापर्यंत मागोमाग आले. "घाबरू नका हो. तुम्ही पलीकडे राहता ना? रोज पायी पूल ओलांडून येता ना? त्याचा पुरावा द्या. ओलांडलात म्हणजे आलात, आलात म्हणजे काम केलंत, काम केलंत म्हणजे सेवा अखंड. खाली खिडकी उघडलीये त्यासाठी. मी असतो तर स्वतः शिफारस केली असती."

रांग कार्यालयाच्या फाटकापासून पुलाच्या टोकापर्यंत गेली होती. नोटीस मिळालेले सगळे, आपण पूल ओलांडला होता हे सिद्ध करायला, आधी पलीकडे जाऊन पुन्हा पूल ओलांडून आले होते. टोल भरून. 'अहो, मी हा इथे उभा आहे की,' असं एकही जण म्हणत नव्हता. कुणी झेरॉक्सच्या प्रती मोजत होतं, कुणी दुसऱ्याच्या अर्जात बघून आपला भरत होतं, आणि खिडकी जेवायला कधी बंद होते यावर दोघांची जुंपली होती.

त्या सबंध गर्दीत एकट्या दशांशबाईंना ठाऊक होतं की यातल्या कशाचीच गरज नाही. एक नोंद, दोन मिनिटं. मोठ्याने सांगितलं असतं तर निम्मी रांग घरी गेली असती. त्यांनी तोंड उघडलं.

"फोटो किती लागतात हो?" त्यांनी पुढच्या बाईंना विचारलं.

"तीन. आणि कान दिसले पाहिजेत."

दशांशबाईंनी पर्समध्ये पाहिलं. दोनच होते. तिसरा कुठून आणायचा, या विचारात त्या असतानाच मागून कुणीतरी त्यांच्या खांद्याला बोट लावलं.

ते तुम्ही होतात. आधी रांगेत उभे राहिलात, पुढच्याला चिकटून, मध्ये कुणी घुसणार नाही अशा बेताने, आणि मग विचारलंत, "ही रांग कसली आहे हो?"