चौकातला ढिगारा

सिनेमा दुसरं महायुद्ध संपल्यावरच्या, एकोणीसशे शेचाळीस सालच्या दिवसांवरचा होता. त्यासाठी जर्मनीच्या झाक्सनी प्रांतातल्या एका छोट्या गावाच्या चौकात चार ट्रक फुटक्या विटा आणून ओतल्या होत्या. पडक्या घरांचा ढिगारा उपसणाऱ्या बायका दाखवायच्या, म्हणून गावातल्याच बारा जणींना डोक्याला रुमाल बांधून सकाळी सातला उभं केलं. त्यांत वाल्ट्राउड क्रेचमार होती. वय बाहत्तर, बटणांच्या कारखान्यातून निवृत्त. तिच्या आईनं याच चौकात खऱ्या विटा उचलल्या होत्या, पण त्या कामातला आईचा एकही फोटो नव्हता. निदान लेक तरी पडद्यावर दिसावी, एवढीच वाल्ट्राउडची इच्छा.

दिग्दर्शक फेल्डकाम्प बर्लिनचा. त्याला आभाळ भरलेलं हवं होतं आणि पडलं होतं लख्ख ऊन. ढग येईपर्यंत थांबा, असं सांगून तो गाडीत जाऊन बसला.

बायका पंधरा मिनिटं थांबल्या. मग कुणी अडखळू नये म्हणून त्यांच्यातल्या इर्मगार्डनं वाटेतली एक वीट उचलून कडेला ठेवली. वाल्ट्राउडनं तिच्यावर दुसरी ठेवली. एवढा पसारा समोर असताना हातावर हात ठेवून बसणं बारा जणींपैकी एकीलाही जमण्यासारखं नव्हतं. हातोड्या दिलेल्याच होत्या. त्यांनी विटांचा चुना खरवडला, शंभर-शंभरच्या थप्प्या लावल्या, चौक झाडून घेतला. बेकरीच्या भिंतीवर सिनेमाच्या रंगाऱ्यांनी चार दिवस खपून रंगवलेली काजळी वाल्ट्राउडनं साबणानं घासून काढली.

साडेदहाला ढग आले. फेल्डकाम्प गाडीतून उतरला.

"माझं युद्ध कुठे गेलं?"

"त्या कोपऱ्यात रचून ठेवलंय," वाल्ट्राउड म्हणाली. "तुकडे वेगळे काढलेत हो."

त्यानं हात जोडून सगळं पहिल्यासारखं करायला सांगितलं. बायकांनी मनापासून प्रयत्न केला. वाल्ट्राउडनं एक वीट वाकडी टाकली, ती इर्मगार्डनं जाता जाता सरळ केली. दहा मिनिटांत चौकात गुडघाभर उंचीची सुबक भिंत उभी राहिली. समोरच्या खिडकीतून एका म्हाताऱ्यानं गिलावा कधी करणार, अशी चौकशी केली.

ढग सरकू लागले तसा फेल्डकाम्पचा तोल गेला. त्यानं धावत जाऊन कोपऱ्यात उरलेल्या पहिल्या थप्पीला लाथ घातली. मग दुसरीला. तिसरी दोन्ही हातांनी ढकलली. काय चाललंय ते न कळून कॅमेरावाल्यानं कॅमेरा बायकांकडे वळवून चालू ठेवला. बाराही जणींचे हात तोंडावर गेले. वाल्ट्राउडच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

तेवढ्यात पुन्हा ऊन पडलं. दिवसभरात चित्रित झालं ते तेवढंच.

पुढच्या वसंतात गावातल्या थिएटरात सिनेमा लागला. शेवटी आवाज बंद होऊन पडद्यावर फक्त त्या बायकांचे चेहरे आले, तेव्हा सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. एका पूर्ण पिढीचा आक्रोश, असं ड्रेस्डेनच्या पेपरात आधीच छापून आलं होतं. फेल्डकाम्पनं वाल्ट्राउडला मंचावर बोलावलं आणि त्या क्षणी काय आठवत होतं, असं हळुवारपणे विचारलं.

"आठवत काही नव्हतं," ती म्हणाली. "एवढंच मनात आलं, की पाडणारा पाडून निघून जाणार, आणि आवरायचं पुन्हा आम्हालाच."

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. सगळ्यांत जोरात फेल्डकाम्प वाजवत होता, मधेच डोळे पुसत.